भाजीचा देठ आणि दिव्याची वात

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी एक पाटी आहे. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे : ‘रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका.’ खाली ‘छत्रपती शिवाजी महाराज’. ही पाटी मी चौदा वर्षे रोज पाहत होते आणि पाहता पाहता वाचायची विसरले होते. मग एका जून महिन्यात सातवीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत मला तिच्यासमोर थांबवले.

“बाई, देठालाच का? देठ तर आपण टाकून देतो.”

म्हणून तर, मी म्हटले. टाकायच्या वस्तूलाही हात लावायचा नाही, मग बाकीच्याची गोष्टच सोड.

“कुणाला सांगितलं हे?”

सैनिकांना.

“कधी?”

एका पत्रात.

“कुठल्या पत्रात, बाई?”

घंटा झाली म्हणून सुटले. प्रश्न काही सुटला नाही. मी इतिहासाची पदवीधर, इतिहास शिकवून पोट भरणारी. आणि महाराष्ट्रातले बहुधा सर्वांत जास्त उद्धृत होणारे ऐतिहासिक वाक्य कुठल्या कागदावर आहे, ते मला सांगता येत नव्हते. वाईट याचे वाटले, की इतक्या वर्षांत तसे विचारावेसे मलाही वाटले नव्हते.

शोध घेतल्यावर जे सापडले ते अभ्यासकांना नवे नाही. पण शाळेच्या भिंतीपर्यंत ते पोचलेले नाही, म्हणून सविस्तर सांगते.

देठाचा उल्लेख असलेले पत्र 5 सप्टेंबर 1676 चे आहे. राज्याभिषेकाला दोन वर्षे होऊन गेली आहेत. पत्र सैनिकांना नाही. ते रामाजी अनंत या सुभेदाराला, मामले प्रभावळीच्या मुलकी अधिकाऱ्याला आहे. प्रभावळी म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्याचा एक भाग. आमच्या शाळेपासून एसटीने काही तासांचा प्रवास. महाराज या अधिकाऱ्याला आठवण करून देतात की चोरी करणार नाही, इमानाने काम करीन, अशी शपथ तू घेतली आहेस. तेव्हा भाजीच्या एका देठाकडेही मन जाऊ न देता नीट वाग. म्हणजे इथला देठ लुटारू शिपायासमोरचा नव्हे, तर वसुली ज्याच्या हातून होते त्या अधिकाऱ्यासमोरचा आहे. आणि पत्रात ‘हात’ नाही. ‘मन’ आहे. पाटीवर मनाचा हात कधी झाला कोण जाणे, पण दोहोंत फार अंतर आहे. हात लावलेला दिसतो, पकडता येतो. ज्याच्याकडे सुभ्याचा हिशेब आहे, त्याचा हात कुणाला दिसणार? म्हणून राजा त्याच्या मनाशी बोलतो.

खरी गंमत पुढे आहे. देठाचे वाक्य सुरुवातीलाच येऊन जाते आणि मग पत्र तपशिलात शिरते. उत्पन्नाची वाटणी रयतेच्या पदरी तिचा हिस्सा पडेल अशी कर. वसुली जिनसाच्या रूपात घे, रोख पैशासाठी अडवू नकोस. जमा झालेला माल साठवून हंगाम पाहून विक, म्हणजे किंमत चांगली येईल. गावोगाव स्वतः फीर, कुणबी गोळा कर, कुणाकडे माणूसबळ किती, बैल किती, ते पाहा. कष्ट करायची उमेद आहे पण बैल नाही, त्याला बैलासाठी पैसे दे; पोटाला नसेल तर धान्य दे. ही रक्कम वाढीदिढीने वसूल करायची नाही. नुसते मुद्दल, तेही त्याला ताकद आल्यावर, हळूहळू. या कामात दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल. लारी हे त्या काळी कोकण किनाऱ्यावर चालणारे चांदीचे नाणे. जुनी बाकी फेडणे ज्याला शक्यच नाही, त्याची बाकी थांबवून ठेव आणि आम्हाला कळव.

ही शेतकी पतपुरवठ्याची योजना आहे! देठाच्या वाक्याहून मला ती कितीतरी मोठी वाटते. पण ती पाटीवर मावत नाही.

मग सैनिक आले कुठून? ते दुसऱ्या पत्रातून आले. चिपळूणजवळ मुक्कामाला असलेल्या पागेचे जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना लिहिलेले हे पत्र राज्याभिषेकाच्या आसपासच्या एका उन्हाळ्यातले. पावसाळा तोंडावर आला आहे. वाटेल तसा दाणा-गवत चारून संपवलेत, तर ऐन पावसात उपास पडतील, घोडी मरतील आणि मग तुम्ही रयतेला त्रास द्याल, असा इशारा त्यात आहे. कोणी कुणब्याकडचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी. सापडली भाजी! एका पत्रातला देठ आणि दुसऱ्या पत्रातले शिपाई लोकांच्या आठवणीत एकमेकांना चिकटले आणि त्यातून एक तिसरेच वाक्य तयार झाले. कुणी लबाडी केली असे मला वाटत नाही. दोन्ही पत्रांतली कळकळ एकच असल्यामुळे सांधा कुणाला जाणवला नसावा.

तरीही वर्गात या सांध्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

सॅम वाइनबर्ग या अमेरिकी अभ्यासकाने 1991 साली एक छोटा पण पुढे फार गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक लेक्सिंग्टन इथे 1775 मध्ये झडली. तिच्याविषयीचे काही कागद त्याने आठ इतिहासकारांपुढे आणि शाळेतल्या आठ हुशार विद्यार्थ्यांपुढे ठेवले आणि वाचता वाचता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले. सगळे इतिहासकार त्या विषयातले नव्हते. काहींचा अभ्यास अगदी वेगळ्या काळाचा होता. तरी कागद हातात आल्यावर त्यांची नजर आधी तळाशी जाई : कुणी लिहिले, कधी, कुणासाठी. मुले पहिल्या ओळीपासून सुरुवात करून शेवटच्या ओळीपर्यंत जात आणि लिहिणाऱ्याचे नाव ही त्यांच्या लेखी आणखी एक माहिती असे. सर्वांत विश्वासार्ह कागद कोणता, यावर मुलांनी पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्याला पहिला मान दिला. इतिहासकारांनी तोच उतारा अगदी खालच्या पायरीवर ठेवला.

हे वाचून मी मनात हिशेब केला. माझा मेंदू कुठल्या आठांत बसतो? पाटीखालचे नाव वाचून मी समाधानी होते. ‘कुणाला’ आणि ‘कधी’ विचारणारी ती सातवीतली मुलगी मात्र दुसऱ्या आठांत होती.

आपल्याकडे साधनांचा विषय अभ्यासक्रमात नाही असे नाही. मी शिकवत आले त्या सातवीच्या पुस्तकात पहिलाच पाठ इतिहासाच्या साधनांचा आहे : भौतिक, लिखित, मौखिक. मुले हे तीन शब्द पाठ करतात, प्रत्येकाची दोन-दोन उदाहरणे लिहितात, गुण मिळवतात. पुढच्या पाठापासून साधने गायब होतात आणि उरते ती गोष्ट. जिन्याचे चित्र दाखवून जिना चढायला न शिकवण्यासारखे हे आहे. आणि ज्या प्रांतात वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या रुमालांतले कागद गोळा करत होते, ज्यांचा साधनांचा पहिला खंड 1898 साली निघाला, ज्या प्रांतात 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, जिथे पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड गो. स. सरदेसायांच्या देखरेखीखाली छापले गेले, तिथे एका शाळकरी मुलाच्या हाती दहा वर्षांत एकही अख्खे पत्र पडू नये, हे मला आता सहन होत नाही. पूर्वी होत होते.

म्हणून मी चिपळूणचे पत्र वर्गात न्यायचे ठरवले. पहिल्या वर्षी ते साफ फसले. मुलांना कळणार नाही या धास्तीने मी त्याचे आजच्या मराठीत रूपांतर केले, कठीण शब्द काढले, परिच्छेद पाडले, शेवटी पाच प्रश्न जोडले. मुलांनी ते इतर कुठल्याही उताऱ्यासारखेच वाचले. उताऱ्यात उत्तर शोधायचे आणि तेवढी ओळ वहीत उतरवायची, यात ती पटाईत असतात. पत्र माझ्या हातून धडा होऊन गेले होते.

दुसऱ्या वर्षी जसेच्या तसे छापील पत्र दिले; सतराव्या शतकातली मराठी, फक्त बाळबोध लिपीत. आणि इथे मला माझी जागा कळली. मी घाटावरची. पत्रातल्या ज्या शब्दांसाठी मी कोश उघडला, ते शब्द या मुलांच्या घरात होते. ‘बेगमी’ म्हणजे काय, हे कोकणातल्या मुलाला काय सांगायचे? मे महिना संपायच्या आत घरात लाकडे, सुकी मासळी, कांदे-कडधान्य भरून ठेवायची त्याच्या आईची धावपळ तो दर वर्षी पाहतो. ‘फाटे’ म्हणजे जळाऊ लाकूड, ‘आगटी’ म्हणजे शेकायचा विस्तव, हे त्यांनीच मला सांगितले. पत्रात घोड्यांच्या निवाऱ्याचे ‘खण’ येतात, एका मुलाने लगेच सांगितले, “आमचं जुनं घर तीन खणी होतं.” ‘विलात’ शब्दावर हशा पिकला, कारण विलायत म्हणजे इंग्लंड. शब्द तोच, पण इथे त्याचा अर्थ मुलूख, प्रदेश, एवढाच. ‘रास’ मात्र कुणालाच लागला नाही. सैनिकांना बजावले आहे की पगाराचे पैसे तुमच्या पदरात टाकले आहेत, हवे ते बाजारात जाऊन रास विकत आणा. रास म्हणजे वाजवी, नीट भावाने. अर्थ कळल्यावर एक मुलगी म्हणाली, “म्हणजे पैसे असूनसुद्धा फुकट घेतील, ही भीती आहे.” कुठल्या ओळीवरून, असे मी विचारले. तिने बोट ठेवले.

पत्राचा दुसरा अर्धा भाग आगीचा आहे आणि तो कुठल्याही भाषणात येत नाही. कोणी भलत्या जागी चुली मांडतील, कोणी आगट्या करतील, कोणी तंबाखूसाठी विस्तव घेतील. वारा सुटला आहे, गवत पडले आहे, हे कुणाच्या ध्यानात राहणार नाही. एका खणाला आग लागली की सगळे खण जातील. रात्री घरात दिवा असेल तर उंदीर जळती वात ओढून नेईल, तेही होऊ देऊ नका. तेव्हा प्रमुखांनी स्वतः फिरून पाहत राहावे. पुढे एक बोचरी ओळ येते. असे केले नाहीत तर मग घोडी बांधायला नकोत, चारायला नकोत, पागाच बुडाली, तुम्ही मोकळे झालात!

या उंदरावर वर्ग फिदा झाला. वात तेलात भिजलेली असते म्हणून उंदीर ती नेतो, हे एकीच्या आजीने सांगितले. मला त्या उंदरात वेगळे काही दिसले. पुतळ्यातला शिवाजी मुलांना ठाऊक असतो. पावसाळ्याआधी गवताची काळजी करणारा, दिव्याच्या वातीपर्यंत ज्याची नजर पोचते असा कारभारी त्यांना प्रथमच भेटत होता. हे पत्र लिहिणारा हात कुणा चिटणीसाचा असेल, हेही मी सांगितले. मग वाक्ये कुणाची, उंदीर कुणाला सुचला, यावर पंधरा मिनिटे वाद झाला आणि तो मी मिटवला नाही.

एक गोष्ट अपघाताने हाती लागली. पत्रातली क्रियापदे दोन रंगांनी अधोरेखित करायला मी सांगितले होते. हेतू व्याकरणाचा होता, मराठीच्या बाईंना मदत म्हणून. झालेल्या गोष्टी निळ्या, होणाऱ्या लाल. कागद पाहिले तर निळे फार थोडे : पावसाळ्यासाठीचा साठा लष्कराच्या मुक्कामात खर्च झाला, मग गडागडांवरून धान्य देववून जमेल तशी बेगमी केली, पगार वाटले. बाकी कागद लालेलाल. उपास पडतील, घोडी मरतील, कुणबी घरे सोडून जातील, मोगल मुलखात आले त्याहून तुम्ही वाईट असे लोकांना वाटेल. सगळे भविष्यकाळात.

म्हणजे हे पत्र कशाचा पुरावा आहे? सैनिकांनी रयतेला लुटले याचा नाही. लुटले नाही याचाही नाही. राजाला कशाची भीती वाटत होती, याचा तो पक्का पुरावा आहे. आणि भीती उगीच वाटत नाही, असे वर्गातल्या निम्म्या जणांचे मत पडले. उरलेल्यांचे मत असे, की शहाणा माणूस होण्याआधीच बोलतो. आज्ञा केली म्हणून ती पाळली गेली असे धरून चालणे ही आपली जुनी खोड आहे. शाळेत ‘धावू नये’ अशी पाटी असते. तिच्यावरून तीनशे वर्षांनी कुणी निष्कर्ष काढला की इथली मुले धावत नसत, तर? हे उदाहरण माझे नाही, मुलांचे.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला जड जाते.

पहिल्या वर्षीच्या त्या सोप्या रूपांतरात मी एक वाक्य गाळले होते. आगीच्या भागात ते येते. गवत आणि खण जळून गेल्यावर मग कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी खण बांधायला एक लाकूड मिळणार नाही, असा त्याचा आशय आहे. मी तिथे तीन टिंबे दिली होती. वय लहान, विषय नाजूक, पालक काय म्हणतील. आणि खरे सांगायचे तर मलाही ते वाक्य नको होते. कनवाळू राजाच्या पत्रात कुणब्यांच्या माना कशाला?

त्या वर्षी एका मुलाने विचारले होते, “बाई, इथं टिंबं का?” काही महत्त्वाचे नव्हते, असे मी म्हणाले. वर्गात कागद घेऊन जाऊन, कागदावर विश्वास कसा ठेवायचा ते शिकवताना, मी त्याच कागदाबद्दल खोटे बोलले होते.

दुसऱ्या वर्षी वाक्य ठेवले. वाचन तिथे आले तेव्हा वर्ग शांत झाला. मग प्रश्न आला : “महाराज असं करणार होते?” मी उत्तर दिले नाही, रंगपेन्सिली काढायला सांगितल्या. निळा की लाल? दोन्ही नव्हे, असे पुष्कळ वेळाने ठरले. हे ‘जरी-तरी’चे वाक्य आहे. केले असे नाही, करीन असेही नाही. केले तरी उपयोग नाही, असे आहे. पण एवढ्यावर सुटका करून घेणे मला बरे वाटेना. जबरदस्ती हा राज्यकारभाराचा त्या काळी माहीत असलेला मार्ग होता, तो पत्र लिहिणाऱ्यालाही ठाऊक होता आणि वाचणाऱ्या जुमलेदारालाही. म्हणून तर वाक्य त्यांना कळले. ते मी सांगितले. सतराव्या शतकातला राजा आपल्या काळात उभा राहून बोलतो. वाक्य गाळले तर त्याचा काळ गळतो, आणि मग मारून लाकूड मिळत नाही, हे त्या काळात उभे राहून ओळखण्यात विशेष काय होते, तेही कळायचे राहून जाते.

दोन दिवसांनी एक पालक आले. आवाज चढला नव्हता. “मुलांना एवढं सगळं कशाला?” मी त्यांना अख्खे पत्र दिले. त्यांनी ते उभ्याने वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि गेले. त्यांचे मत बदलले की नाही, मला माहीत नाही. प्रश्न गैर होता असेही मी म्हणणार नाही. बारा वर्षांच्या मुलापुढे किती ठेवायचे, हा निर्णय शिक्षकाला प्रत्येक वर्गात नव्याने करावा लागतो. पूर्ण पत्र पेलत नसेल तर दुसरे, लहान पत्र निवडावे, हे मला पटते. मोठे पत्र कापून लहान करणे मात्र आता माझ्याने होणार नाही.

वर्गाला एकदा ही चटक लागली की घरून कागद येऊ लागतात. कागद म्हणजे मोबाइलवरचे संदेश. सर्वांत आधी आले ते झाडांचे ‘शिवाजी महाराजांचे आज्ञापत्र’ : आंबे-फणस तोडू नका, रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. दर पर्यावरणदिनाला ते फिरते. मजकूर अस्सल आहे. फक्त ते शिवाजी महाराजांचे पत्र नाही. तो ‘आज्ञापत्र’ या राजनीतिविषयक ग्रंथाचा भाग आहे. हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा. काळ सुमारे 1715, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांचा. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा दुसरे संभाजी होते. रामचंद्रपंतांनी थोरल्या महाराजांच्या हाताखाली काम केलेले असल्यामुळे ते धोरण त्यांनी तिथेच पाहिले असणे शक्य आहे. पण ‘शक्य आहे’ आणि ‘महाराजांनी लिहिले’ यांत अंतर आहे, आणि ते अंतर मोजणे हाच तर आमचा तास होता.

इथेही अख्खे प्रकरण उघडल्यावर मजा आली. झाडांचा हा मजकूर आरमाराच्या प्रकरणात आहे. विषय जहाजांच्या लाकडाचा. सागवान वगैरे राज्यातल्या अरण्यांतून परवानगीने तोडावे, कमी पडले तर परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे असते, पण त्याला हात लावू देऊ नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे. म्हणजे बोलणारा झाडाचा शत्रू नव्हे, पण त्याला लाकूड हवे आहे! गरज समोर उभी असताना स्वतःचा हात आखडून घेणारे हे धोरण आहे. फलकावरच्या वृक्षप्रेमापेक्षा मला ते अधिक मोलाचे वाटते. मुलांना आवडली ती ‘पैसे देऊन’ ही अट.

या उद्योगाला एक धोकाही आहे. दोन-तीन महिन्यांत वर्गातला एक हुशार मुलगा सगळ्याच गोष्टींना “खोटं आहे ते” म्हणू लागला. पाटी खोटी, संदेश खोटा, पुस्तकही खोटेच असणार. भाबडेपणाइतकाच हाही आळस आहे. दोघांनाही कागद वाचायचा नसतो. त्याच्यापुढे मी पाटी आणि दोन्ही पत्रे शेजारी ठेवली आणि विचारले : पाटीवरचे वाक्य पत्रांत नाही, हे सिद्ध झाले; मग पाटी ज्याबद्दल बोलते तेही नाही, असे सिद्ध झाले का? त्याने बराच वेळ घेतला. “नाही. पत्रांत जास्तच आहे,” तो म्हणाला, थोड्या नाराजीने.

कामाचे थोडेसे. वर्षाला दोन कागद पुरे होतात, एका सत्राला एक. त्याहून जास्त केले तर पुन्हा पाठांतर सुरू होते. मूळ मोडी कागदाचे छायाचित्र एकदा जरूर दाखवावे. आधी आडवी शिरोरेघ ओढून मग तिला अक्षरे लटकवायची, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक करायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, हे पाहिल्यावर छापील पत्रामागे वाचणाऱ्याची केवढी मेहनत असते, ते मुलांना कळते. आणि तो वाचणाराही चुकू शकतो, हेही. कालगणना शिकवायला मला फार आवडते. जुन्या कागदांवर अरबी आकड्यांतला सुहूर सन असतो. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. ‘सबा सबैन अलफ’ म्हणजे 1077. हे वर्ष उन्हाळ्याच्या अखेरीस, मृगाच्या सुमारास बदलते, म्हणून इसवी सन काढायला महिन्याप्रमाणे 599 किंवा 600 मिळवायचे : 1676-77. शेतकऱ्याचे वर्ष मृगाला सुरू होते, हे कोकणातल्या वर्गाला समजावून सांगावे लागत नाही. गणितात मागे पडणारी दोन मुले या हिशेबात सर्वांच्या पुढे होती. परीक्षेत यातले काहीच विचारले जात नाही. सहामाही जवळ आली की मीही कागद कपाटात ठेवते आणि रिकाम्या जागा भरायला घेते, हे कबूल केले पाहिजे.

राहिली पाटी. आम्ही मुख्याध्यापकांना दोन्ही पत्रे दाखवली. त्यांनी मनापासून वाचली आणि शिवजयंतीच्या आत पाटी दुरुस्त करून घ्या, म्हणाले. पेंटर आला. तो अक्षरांवर पैसे घेतो. मुलांनी निवडलेला मजकूर, कुणाचा, कुणाला, कधी आणि कशासाठी यांसह, त्याने बोटाने मोजला आणि हसून मान हलवली. एवढे त्या पत्र्यावर बसणार नाही, आणि बसवले तर दारातून वाचता येणार नाही. जुने वाक्य पुसून टाकायला वर्गातल्या निम्म्या मुलांचा विरोध होता. तेव्हा पाटी तशीच राहिली. तिच्याखाली खिळ्याला एक कागद अडकवला आहे : रामाजी अनंतांचे नाव, प्रभावळी, 5 सप्टेंबर 1676, ‘हात’च्या जागी ‘मन’, आणि शेवटी, भाजी आणणारे सैनिक दुसऱ्या पत्रातले आहेत, ते सातवीच्या वर्गात वाचायला मिळेल, अशी सूचना. व्हरांड्यात पावसाची झड येते. ऑगस्टपर्यंत शाई फुटते, कागद लोंबायला लागतो. मग त्या वर्षीची सातवी तो पुन्हा लिहून काढते. यंदा लिहिणाऱ्या मुलीने कोपऱ्यात छोटा उंदीर काढला आहे.